जाक-इव्ह कुस्तो

जाक-इव्ह कुस्तो (जन्म : ११ जून १९१०, सेंत-आंद्रे-द-क्युबझाक, फ्रान्स, मृत्यू : २५ जून १९९७, पॅरिस) हे फ्रेंच नौदल अधिकारी, सागर संशोधक, चित्रपटकार आणि लेखक होते. अभियंता एमिल गान्यां यांच्या सहकार्याने त्यांनी १९४३ मध्ये ‘ॲक्वालंग’ हे श्वसनयंत्र तयार केले. या यंत्रामुळे पाणबुड्याची वरून सोडलेल्या हवेच्या नळीपासून सुटका झाली आणि समुद्रतळाशी असलेल्या बुडालेल्या जहाजांपर्यंत माणूस स्वतंत्रपणे पोहोचू लागला.

‘कॅलिप्सो’ या संशोधन नौकेवरून कुस्तो यांनी चार दशकांहून अधिक काळ जगभरच्या समुद्रांत मोहिमा केल्या. ट्युनिशियाजवळील महदिया, मार्सेलजवळील ग्रां कोंग्लुए, तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’, ग्रीसजवळील ‘ब्रिटानिक’ आणि अँटिकिथेरा येथील जहाजांच्या अवशेषांवरील त्यांचे काम विशेष प्रसिद्ध आहे. पाण्याखालील पुरातत्त्वविद्येच्या आरंभकाळात त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. त्यांच्या सुरुवातीच्या उत्खननांतील उणिवांमधूनही या शास्त्राची पद्धत पुढे घडत गेली.

बालपण आणि शिक्षण

कुस्तो यांचा जन्म बोर्दो शहराजवळच्या सेंत-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. वडील दानिएल कुस्तो हे वकील होते आणि धनाढ्य अमेरिकी उद्योजकांचे खासगी चिटणीस म्हणून काम करीत. त्यामुळे कुटुंबाला सतत प्रवास करावा लागे. जाक यांच्या बालपणातील काही काळ न्यूयॉर्कमध्ये गेला. त्या काळात व्हरमाँट येथील उन्हाळी शिबिरात तळ्याच्या तळाशी साचलेल्या फांद्या काढण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथेच ते श्वास रोखून बुडी मारण्यास शिकले. किशोरवयात त्यांनी साठवलेल्या पैशांतून चलच्चित्र कॅमेरा विकत घेतला. बुडी आणि कॅमेरा या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा पाया ठरल्या.

पॅरिसमधील शिक्षणानंतर १९३० मध्ये त्यांनी ब्रेस्ट येथील नौदल प्रबोधिनीत प्रवेश घेतला आणि १९३३ मध्ये ते तोफखाना अधिकारी म्हणून बाहेर पडले. पुढे त्यांनी नौदलाच्या हवाई शाखेत वैमानिकाचे प्रशिक्षण सुरू केले. मात्र एका मोटार अपघातात दोन्ही हातांना गंभीर दुखापत झाल्याने वैमानिक होण्याचा मार्ग बंद झाला. त्यानंतर त्यांची नेमणूक तुलाँ या नौदल तळावर झाली.

पाण्याखालच्या जगाची ओळख

तुलाँ येथे नौदलातील सहकारी फिलिप ताये यांनी १९३६ मध्ये त्यांना पोहण्याचा जलरोधक चष्मा दिला. हातांना पुन्हा बळ यावे म्हणून पोहणाऱ्या कुस्तो यांना त्या चष्म्यातून समुद्रतळ प्रथमच स्पष्ट दिसला. कुस्तो, ताये आणि निष्णात पाणबुडे फ्रेदेरिक द्युमा यांचे त्रिकूट याच काळात जमले. १२ जुलै १९३७ रोजी कुस्तो यांचा विवाह सिमोन मेल्कियोर यांच्याशी झाला. त्यांना जाँ-मिशेल आणि फिलिप हे दोन पुत्र झाले.

त्या काळी खोल पाण्यात काम करणारा पाणबुडा धातूचे शिरस्त्राण व जड बूट घालून तळावर चालत असे. त्याला हवा वरील नौकेतून नळीवाटे मिळे. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरताना ही नळी अडकण्याचा वा कापली जाण्याचा धोका असे. हवेचा साठा पाठीवर वाहून नेणारी काही साधने उपलब्ध होती; परंतु त्यांतील हवेचा प्रवाह हाताने नियंत्रित करावा लागत असल्याने ती लवकर संपे. शुद्ध प्राणवायू वापरून केलेल्या प्रयोगांत कुस्तो यांना दोनदा पाण्याखाली झटके आले. ठरावीक खोलीपलीकडे दाबाखालील शुद्ध प्राणवायू विषारी ठरतो, हे त्यांनी अशा प्रकारे स्वतः अनुभवले.

ॲक्वालंगची निर्मिती

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनीचा ताबा असतानाही कुस्तो यांनी पाण्याखालील चित्रीकरण चालू ठेवले. श्वास रोखून केलेल्या बुड्यांच्या आधारे त्यांनी १९४२ मध्ये पहिला लघुपट तयार केला. सिमोन यांचे वडील ‘एर लिकिद’ या वायुनिर्मिती कंपनीत अधिकारी होते. त्यांच्या मध्यस्थीने डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो यांची गाठ कंपनीतील अभियंता एमिल गान्यां यांच्याशी पडली. युद्धकाळात पेट्रोलची टंचाई असल्याने मोटारी वायूवर चालवल्या जात. त्यासाठी गान्यां यांनी इंजिनाच्या गरजेनुसार वायू सोडणारी झडप तयार केली होती. हीच कल्पना पाणबुड्याच्या श्वासासाठी वापरण्याचे दोघांनी ठरवले.

पहिल्या यंत्राची चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत झाली. शरीर आडवे असताना यंत्र नीट चाले, परंतु उभे राहिल्यावर हवा वाया जाई आणि डोके खाली केल्यावर श्वास घेणे कठीण होई. उच्छ्वासाची झडप हवा देणाऱ्या झडपेच्या पातळीवर आणल्यावर हा दोष दूर झाला. जून १९४३ मध्ये बांदोल या गावाजवळ भूमध्य समुद्रात सुधारित यंत्राची यशस्वी चाचणी झाली. पाणबुड्याने श्वास ओढताच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा आपोआप मिळणे, हे या यंत्राचे वैशिष्ट्य होते.

त्या उन्हाळ्यात त्रिकुटाने सुमारे ५०० बुड्या मारल्या. त्यांतून ‘एपाव्ह’ (बुडालेली जहाजे) हा लघुपट १९४३ मध्ये तयार झाला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळील बुडालेल्या जहाजांचे डेक, जिने आणि खोल्या यांमधून मुक्तपणे फिरणारा माणूस या चित्रपटात दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये द्युमा सुमारे ६२ मीटर खोलीपर्यंत गेले. खोलीवर दाबाखालील नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीचाही अनुभव त्यांना आला.

युद्धकाळात कुस्तो यांनी गुप्त प्रतिकार चळवळीसाठी केलेल्या कामगिरीबद्दल त्यांना पुढे सन्मान मिळाला. त्यांचे थोरले बंधू, पत्रकार प्येर-आंत्वान, हे मात्र जर्मनांचे उघड समर्थक होते. युद्धानंतर त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. नंतर ती शिक्षा सौम्य करण्यात आली.

नौदलाचा संशोधन गट आणि महदिया

१९४५ मध्ये ‘एपाव्ह’ पाहून प्रभावित झालेल्या नौदल प्रमुखांनी तुलाँ येथे पाण्याखालील संशोधनाचा गट स्थापन करण्यास मान्यता दिली. ताये, कुस्तो व द्युमा या गटाचे आधारस्तंभ होते. युद्धात पेरलेले पाणसुरुंग काढणे हे गटाचे तातडीचे काम होते. त्याचबरोबर शरीरावर होणाऱ्या दाबाच्या परिणामांचाही अभ्यास चाले. हे काम धोक्याचे होते. १९४६ मध्ये व्होक्ल्यूज येथील झऱ्याच्या गुहेत उतरले असता, हवेच्या टाक्यांत कार्बन मोनॉक्साइड मिसळल्याने कुस्तो व द्युमा मरता मरता वाचले. सप्टेंबर १९४७ मध्ये खोलीचा विक्रम करण्याच्या प्रयत्नात गटातील मोरिस फार्ग हे सुमारे १२० मीटर खोलीवर मृत्युमुखी पडले.

१९४८ मध्ये गटाने ‘एली मोनिये’ या नौकेतून ट्युनिशियातील महदिया येथे मोहीम काढली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ग्रीसहून संगमरवरी खांब व कलावस्तू घेऊन निघालेले जहाज तेथे सुमारे ४० मीटर खोलीवर बुडाले होते. १९०७ मध्ये स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांना ते सापडले आणि आल्फ्रेद मेर्लँ यांच्या देखरेखीखाली त्यातील ब्राँझ व संगमरवरी शिल्पे वर आणली गेली. त्यानंतर जागेचा ठाव राहिला नव्हता. किनाऱ्यावरील खुणांच्या जुन्या नोंदींवरून शोध घ्यायचा होता, पण मधल्या काळात त्या खुणाच पालटल्या होत्या. अनेक दिवसांच्या शोधानंतर जागा सापडली. हाती राहिलेल्या थोड्या दिवसांत काही खांब, खांबांचे शीर्षभाग आणि नांगरांचे शिशाचे भाग वर काढण्यात आले. हवेची नळी नसलेल्या पाणबुड्यांनी प्राचीन जहाजावर केलेले हे पहिले काम मानले जाते.

कॅलिप्सो

नौदलाच्या चौकटीबाहेर स्वतंत्र संशोधन करण्यासाठी कुस्तो यांना नौकेची गरज होती. १९५० मध्ये ब्रिटिश दानशूर लोएल गिनेस यांनी एक जुनी नौका विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक या नाममात्र भाड्याने त्यांना दिली. ब्रिटिश नौदलासाठी अमेरिकेत बांधलेली ही लाकडी नौका युद्धात पाणसुरुंग काढण्याचे काम करीत असे. युद्धानंतर ती माल्टा आणि गोझो बेटांदरम्यान प्रवासी वाहतूक करीत होती. तिच्या पुढील भागात पाण्याच्या पातळीखाली काचेच्या खिडक्या असलेली निरीक्षणाची खोली बसवण्यात आली. सिमोन आयुष्यातील बराच काळ याच नौकेवर राहिल्या आणि तेथील दैनंदिन व्यवस्था त्यांनी सांभाळली.

ग्रां कोंग्लुए

१९५२ मध्ये कुस्तो यांनी मार्सेलजवळील ग्रां कोंग्लुए या खडकाळ बेटाच्या पायथ्याशी उत्खनन सुरू केले. या जागेची माहिती गास्ताँ क्रिस्तियानिनी या पाणबुड्याकडून मिळाली होती. खोल पाण्यातून वर येताना दाब एकाएकी कमी झाल्याने जडणाऱ्या व्याधीवर तो तुलाँ येथे उपचार घेत होता. आपल्याला दिसलेल्या मातीच्या जुन्या घागरींविषयी त्याने द्युमा यांना सांगितले. त्या घागरी म्हणजे मद्य व तेल वाहून नेण्याचे प्राचीन कुंभ, म्हणजेच अँफोरा होत्या.

उत्खननाची शास्त्रीय जबाबदारी प्रोव्हाँस प्रांतातील पुरातत्त्व खात्याचे प्रमुख फर्नां बेन्वा यांच्याकडे होती. बेटावर तळ उभारण्यात आला आणि हवेच्या जोरावर गाळ ओढून घेणारी मोठी नळी समुद्रतळापर्यंत नेण्यात आली. हजारांहून अधिक कुंभ आणि काळ्या झिलईची असंख्य भांडी वर आली. नोव्हेंबर १९५२ मध्ये जाँ-प्येर सेर्व्हांती या तरुण पाणबुड्याचा येथे मृत्यू झाला. तरीही काम पुढे काही वर्षे चालू राहिले.

अनेक कुंभांवर ‘सेस’ ही अक्षरे आणि त्रिशूळ किंवा नांगराची खूण होती. त्यावरून ही मुद्रा सेस्तिउस या रोमन व्यापाऱ्याची असल्याचा निष्कर्ष निघाला. त्याच्या घराचा माग काढण्यासाठी कुस्तो कॅलिप्सो घेऊन ग्रीसमधील डेलॉस बेटापर्यंत गेले. पुढील संशोधनातून हे कुंभ इटलीतील कोसा या बंदराच्या परिसरातील असल्याचे स्पष्ट झाले.

या उत्खननात एक मूलभूत अडचण होती. बेन्वा स्वतः पाण्यात उतरत नसत. पाणबुड्यांनी वर आणलेल्या वस्तूंवरून ते निष्कर्ष काढीत. कोणती वस्तू कोणत्या थरात आणि कशाशेजारी होती, याची नोंद पुरेशी झाली नाही. कुंभांच्या निरनिराळ्या घडणी वेगवेगळ्या काळांतील वाटत असूनही तो सर्व माल एकाच जहाजाचा असल्याचे बेन्वा यांनी मानले. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ लुक लाँग यांनी जुन्या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा तेथे एकावर एक अशी दोन जहाजे असल्याचे दिसून आले. खालचे जहाज इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे, तर सेस्तिउसचे कुंभ नेणारे वरचे जहाज त्यानंतर सुमारे ८० वर्षांनी बुडालेले होते.

‘द सायलेंट वर्ल्ड’ आणि ‘थिसलगॉर्म’

१९५३ मध्ये कुस्तो व द्युमा यांचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत अनुवादित झाले. याच नावाचा चित्रपट त्यांनी तरुण दिग्दर्शक लुई माल यांच्यासह तयार केला. त्याला १९५६ मध्ये कान महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार आणि पुढे माहितीपटाचे ऑस्कर मिळाले.

या चित्रपटात तांबड्या समुद्रातील ‘थिसलगॉर्म’ या ब्रिटिश मालवाहू जहाजाचे दर्शन घडते. मोटारसायकली, लष्करी ट्रक, रायफली व रेल्वेची इंजिने घेऊन ॲलेक्झांड्रियाकडे निघालेले हे जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडाले. त्यात नऊ जणांचा मृत्यू झाला. १९५५ च्या मोहिमेत कुस्तो यांना ते सुमारे ३० मीटर खोलीवर सापडले. जहाजाची घंटा, एक मोटारसायकल आणि कप्तानाची तिजोरी वर काढण्यात आली. जहाजाची नेमकी जागा नंतर विस्मृतीत गेली. १९९० च्या दशकात पुन्हा शोध लागल्यानंतर ते हौशी पाणबुड्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण बनले.

छोटी पाणबुडी आणि समुद्रतळावरील निवास

१९५७ मध्ये कुस्तो मोनॅको येथील सागरविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले आणि १९८८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९५९ मध्ये त्यांच्या गटाने बशीच्या आकाराची दोन आसनी छोटी पाणबुडी तयार केली. ती ३०० मीटरहून अधिक खोल जाऊ शके. १९६२ ते १९६५ या काळात माणसाने समुद्रतळावर राहण्याचे तीन प्रयोग झाले. १९६२ मध्ये मार्सेलजवळ आल्बेर फाल्को व क्लोद वेस्ली यांनी १० मीटर खोलीवरील निवासात एक आठवडा काढला. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ पाच जण एक महिना राहिले. या प्रयोगावरील चित्रपटालाही ऑस्कर मिळाले. १९६५ मध्ये सहा जण १०० मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. या कामाला खनिज तेल उद्योगाचेही अर्थसाहाय्य होते.

१९६८ मध्ये कुस्तो यांनी कॅरिबियन प्रदेशातील सिल्व्हर बँक या प्रवाळभागात, १६४१ मध्ये बुडालेल्या ‘कोन्सेप्सियोन’ या स्पॅनिश खजिनावाहू जहाजाचा शोध घेतला. बरेच दिवस प्रवाळ फोडून काम केल्यावर मिळालेल्या वस्तू नंतरच्या काळातील निघाल्या आणि हे जहाज वेगळे असल्याचे उघड झाले. खरे ‘कोन्सेप्सियोन’ १९७८ मध्ये दुसऱ्या शोधपथकाला सापडले. त्याच सुमारास सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेतून कुस्तो यांची लाल लोकरी टोपी घराघरांत परिचित झाली. फसलेली ही शोधमोहीमही त्यांनी मालिकेत आणि पुस्तकात मांडली.

ब्रिटानिक

‘टायटॅनिक’चे भावंड असलेले ‘ब्रिटानिक’ हे जहाज पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरात होते. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रीसमधील केआ बेटाजवळ स्फोट होऊन ते ५५ मिनिटांत बुडाले. जहाजावरील हजारहून अधिक जणांपैकी ३० जणांचा मृत्यू झाला. ३ डिसेंबर १९७५ रोजी कुस्तो यांच्या मोहिमेला हे जहाज सुमारे १२० मीटर खोलीवर आडवे पडलेले सापडले. अमेरिकी अभियंता हॅरॉल्ड एजर्टन यांनी विकसित केलेले, ध्वनिलहरींनी समुद्रतळाचे चित्र उमटवणारे सोनार यंत्र या शोधात निर्णायक ठरले. प्रत्यक्ष जागा आणि ब्रिटिश नौदलाच्या नकाशावरील नोंद यांत अनेक मैलांचे अंतर होते.

पुढील वर्षी कुस्तो यांचे पाणबुडे हेलियममिश्रित वायू वापरून या जहाजावर उतरले. तळाशी काही मिनिटे थांबल्यानंतर वर येण्यासाठी काही तास लागत. वयाच्या ६६ व्या वर्षी कुस्तो स्वतःही तेथे गेले. १९१६ च्या दुर्घटनेतून वाचलेली एक वृद्ध परिचारिका या मोहिमेच्या वेळी कॅलिप्सोवर आली होती. रुग्णालय-जहाजातून शस्त्रे नेली जात असल्याच्या जुन्या आरोपाला पुष्टी देणारा पुरावा पाहणीत आढळला नाही.

अँटिकिथेरा

१९७६ मध्ये ग्रीक सरकारच्या सहकार्याने कुस्तो यांनी अँटिकिथेरा बेटाजवळील प्राचीन जहाजावर काम केले. १९०० मध्ये स्पंज काढणाऱ्यांना सापडलेल्या या जहाजातूनच ग्रहगती दाखवणारे प्रसिद्ध दंतचक्र यंत्र मिळाले होते. या वेळी ग्रीक पुरातत्त्वज्ञ लाझारोस कोलोनास हे मोहिमेत सहभागी होते. ब्राँझच्या लहान मूर्ती, दागिने, मानवी अस्थी यांसह सुमारे ३०० वस्तू वर आल्या. त्यांत पर्गमम आणि एफेसस येथील नाणी होती. त्या नाण्यांमुळे जहाज इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा ७० ते ६० या वर्षांदरम्यान बुडाले असावे, असे ठरवण्यास महत्त्वाचा आधार मिळाला.

पर्यावरणकार्य आणि अखेरची वर्षे

१९६० मध्ये किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याच्या फ्रेंच योजनेला कुस्तो यांनी जाहीर विरोध केला. १९७३ मध्ये त्यांनी सागरसंरक्षणासाठी ‘कुस्तो सोसायटी’ स्थापन केली. अंटार्क्टिकातील खाणकामाविरुद्ध त्यांनी चालवलेल्या मोहिमेनंतर १९९१ मध्ये माद्रिद येथे त्या खंडाच्या संरक्षणाचा करार झाला. १९८८ मध्ये ते फ्रेंच अकादमीवर निवडून आले.

२८ जून १९७९ रोजी त्यांचे धाकटे पुत्र फिलिप लिस्बनजवळ ताहो नदीत झालेल्या सागरी विमानाच्या अपघातात मरण पावले. डिसेंबर १९९० मध्ये सिमोन यांचे निधन झाले. १९९१ मध्ये कुस्तो यांनी फ्रान्सिन त्रिप्ले यांच्याशी विवाह केला. ८ जानेवारी १९९६ रोजी सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. काही दिवसांनी ती वर काढण्यात आली. २५ जून १९९७ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी कुस्तो यांचे पॅरिस येथे निधन झाले. त्यांचे दफन जन्मगावी करण्यात आले.

टीका आणि मूल्यमापन

कुस्तो यांच्या सुरुवातीच्या कामावर पुढील काळात बरीच टीका झाली. ‘द सायलेंट वर्ल्ड’ चित्रपटात माशांची गणना करण्यासाठी सुरुंग लावून प्रवाळभाग उडवणे आणि शार्क माशांना मारणे अशी दृश्ये आहेत. १९५० च्या दशकात त्यांच्या मोहिमांचा काही खर्च पर्शियन आखातातील तेलशोधाच्या कामातून भागवला गेला होता. पुढे समुद्राची हानी स्वतः पाहिल्यानंतर त्यांची भूमिका बदलली.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने मुख्य आक्षेप वस्तू वर काढण्याच्या घाईविषयी आहे. बुडालेल्या जहाजातील माल, सांगाडा व गाळ यांची परस्पर रचना हीच त्याची साक्ष असते; ती एकदा विस्कटली की पुन्हा जुळवता येत नाही. १९६० मध्ये तुर्कस्तानातील केप गेलिडोनिया येथे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांनी स्वतः पाण्यात उतरून, जमिनीवरील उत्खननाप्रमाणे प्रत्येक वस्तूच्या जागेची नोंद केली. त्या मोहिमेतील प्रमुख पाणबुडे फ्रेदेरिक द्युमा होते आणि त्यांच्या पाठीवर ॲक्वालंगच होते. कुस्तो यांच्या साधनाने समुद्रतळाची वाट खुली केली आणि त्या साधनामुळेच पुरातत्त्वज्ञाला स्वतः तळावर जाऊन उत्खनन करता आले.

भारतातही या तंत्राचा उपयोग झाला. १९८० च्या दशकात गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुरातत्त्वज्ञ शिकारीपुरा रंगनाथ राव यांच्या मार्गदर्शनाखाली द्वारकेजवळच्या समुद्रात संशोधन केले. त्या कामातील पाणबुडे पाठीवर हवेची टाकी घेऊनच समुद्रतळावर उतरले होते.